चेहऱ्याचं कुलूप

मावशी एकटी राहायची. मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता जुना कॉम्प्युटर बंद पडू लागला, म्हणून तिने भाच्याला बोलावलं. त्याने जुनं सगळं पुसून नवी सिस्टिम टाकली.

"आता पासवर्डची कटकट नाही. तुझा चेहरा बघितला की आपोआप उघडेल."

मावशी केस सारखे करून खुर्चीत बसली. पडद्यावर सूचना आली : 'एका वेळी एकाच व्यक्तीने समोर बसावे.'

"तू बाजूला हो रे."

भाचा दारापाशी गेला. सूचना तशीच. त्याने कॅमेऱ्याची काच पुसली, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही उतरवलं. सूचना हलेना.

"जुनं मशीन, गोंधळलंय. तू जरा ऊठ, पुन्हा पहिल्यापासून करू."

मावशी उठून त्याच्याजवळ आली. खुर्ची रिकामी झाली, तशी सूचना गेली.

'धन्यवाद,' पडद्यावर अक्षरं उमटली. 'चेहरा नोंदवला.'

"कुणाचा रे?" मावशीने विचारलं.

नोंद पुसायला भाचा टेबलाकडे निघाला, तोच पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटरला कुलूप लागलं. तो जागीच थांबला.

खुर्ची किंचित करकरली आणि कुलूप उघडलं.