गडाच्या पायऱ्या

सून साधना हल्ली कुणाच्यातरी गाडीवर लिफ्ट घेऊन पाथर्डी फाट्याला उतरते, सासूचा फोन लिफ्ट करत नाही, आणि बिल्डिंगची लिफ्ट चालू असूनही वर यायला अर्धा तास लावते. कुसाबाईंना संशय आला. मंगळवारी त्या पाचव्या मजल्याच्या जिन्यात टपून बसल्या.

साधना चपला हातात घेऊन धापा टाकत एकटीच वर आली आणि पुन्हा उतरायला वळली.

“हे काय चाललंय?”

साधना दचकली. “आई, नवस पुरा झाला की वणीचा गड तुम्ही अनवाणी चढणार ना? तुमचे गुडघे असे. म्हटलं, तुमच्या बदली मी चढेन. सराव करतेय.”

कुसाबाईंनी कठडा धरला.

देवीला त्यांनी मागितलं होतं, ही सून घरातून जाऊ दे.