शेपटातला फोम

“जगात अशी एकही वस्तू नाही, जिच्यावर मला कव्हर चढवता येत नाही!” गाड्यांची सीटं शिवणाऱ्या बापाने दुकानाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. चाकांच्या खुर्चीतल्या मुलीने आपले पाय एकेक करून हातांनी उचलले आणि कापायच्या टेबलावर ठेवले. जाहीरनामा तिथेच आटोपला.

तिला मत्स्यकन्येचं शेपूट हवं होतं. नाटकातलं नव्हे, घालून पोहता येईल असं.

“पण पाय तर हलत नाहीत, बाळा.”

“म्हणूनच. मत्स्यकन्येला कुणी विचारत नाही, पाय का हलत नाहीत म्हणून.”

बापाने फळीवरची कापडं खाली काढली. आत्या मदतीला होती, म्हणजे मध्येमध्ये बोलायला. ती चमकीच्या कापडावर अडून बसली. “दादा, हेच घे. कशी मासोळी दिसेल!”

“पाणी प्यायलं की गोणपाट होतं ते,” बाप म्हणाला. रेक्झिन पाणी पीत नाही, पण अंगाबरोबर वळतही नाही. शेवटी पोहण्याच्या पोशाखाचं ताणाचं कापड ठरलं आणि टोकाच्या पंख्याला प्लॅस्टिकचा लवचीक पत्रा. इथवर सगळं बरं चाललं होतं.

“आत काय भरू?” बापाने विचारलं. फोम हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. गिऱ्हाइकाने एक बोट जाडीचा मागितला, तर तो दोन बोटं घाली. माया मोजायचं त्याच्याकडे तेवढं एकच माप होतं.

“फोम अजिबात नको. ती घाला.” मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं. पडदे उडू नयेत म्हणून खालच्या दुमडीत घालतात, ती शिशाची माळ खिळ्याला लटकत होती. “पार खाली, टोकाशी. भरपूर.”

बापाची कात्री थांबली. अपघात झाला तेव्हा गाडी तोच चालवत होता. गाडी भंगारात गेली. त्याने शिवलेल्या सीटांवर ओरखडाही नव्हता. शुद्धीवर आल्यावर पोरगी एकच वाक्य बोलली होती, “मला बाहेर कशाला काढलंत?” तेव्हापासून घरातली औषधं कुलपात होती आणि बापाची झोप तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर. पोहायला ती शिकतच होती. आता तिला पाण्यात जायचं होतं, पायांना शिसं बांधून.

“घालतो,” तो म्हणाला. आणि अस्तराच्या आत शिशाऐवजी चांगला चार बोटं फोम भरला. वजनातला फरक तिला कळायची भीती नव्हती. कमरेखालचं तिला काहीच कळत नसे. टाके असे बेमालूम, की आत शिसंच आहे असं शपथेवर सांगावं. बुडू म्हटलं तरी बुडता येणार नाही, असं शेपूट. उभ्या आयुष्यात इतकं चोख काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

तरणतलावावर एरवी तिला आत्या नेई. बाप बाहेर फाटकाशी बसून राही. त्या दिवशी तो पहिल्यांदाच आत आला. शिकवणाऱ्या बाईंनी मुलीला अलगद पाण्यात सोडलं. शेपूट मोठ्या दिमाखात वर आलं, आणि वरच राहिलं. डोकं खाली गेलं. दोन हात पाणी झोडपत होते, पण बापाची माया तिला उलटी धरून होती.

बाईंनी कसंबसं तिला काठावर ओढलं. खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले. तिने शिवण दाबून पाहिली.

“फोम! बाबा, माझे पाय आता काड्यांसारखे झालेत, आपोआप तरंगतात. ते खाली राहिले तरच डोकं वर राहतं. शिसं मला श्वास घ्यायला हवं होतं.”

“मला वाटलं...” बाप म्हणाला. काय वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं, की आत्यासुद्धा गप्प बसली. मग तो ओल्या फरशीवर फतकल मारून बसला आणि गळा काढून रडायला लागला.

मुलीने मान वळवली. उथळ पाण्यातली सगळी मुलं पोहायचं सोडून उभी होती. ती बापाच्या कानाशी वाकली.

“बाबा, पुढच्या वेळी तुम्ही बाहेरच थांबाल का? सगळे बघताहेत.”