अस्वलाचा आवाज

अस्वल शेवटी कोणाच्या बाजूचे निघते, एवढेच इस्तारीला हवे होते.

"लेकरांच्या," मुखरू म्हणाला. कागदांची चळत त्याच्या मांडीवर होती. "वणव्यातून तीन पाडसांले नदीवर नेते अन् तिथी मरते. सारं वाचून पाह्यलं म्या."

"दगा नाई देत?"

"नाई म्हणलं ना! किती डाव इचारतं?"

इस्तारीने तिसऱ्यांदा विचारले होते, आणि त्याला कारण होते. सव्वीस वर्षांपूर्वी एका नाटकात त्याने पुतण्याला विहिरीत ढकलणारा मायाळू काका रंगविला. पहिल्या रांगेत बसलेली त्याची मुलगी कमळा तेव्हा सात वर्षांची होती. पुढे वर्षभर तिने त्याच्या हातचा घास घेतला नाही. तेव्हापासून लेकरांना फसविणारी भूमिका त्याने स्वीकारली नाही. त्यापायी दोन कंपन्या सोडल्या. आता कमळाची लेक दिव्यानी सात वर्षांची होती, आणि ज्या कार्टूनमधल्या अस्वलाला तो आवाज देणार होता, ते प्रथम तिच्याच शाळेत दाखविले जाणार होते.

संहिता त्याने स्वतः का वाचली नाही, हा प्रश्न झाडीपट्टीच्या रंगभूमीबाहेरच्या माणसालाच पडेल. हंगामात रोज नवे गाव असते, पुष्कळदा नवे नाटकही. पाठांतराला सवड नसते. पडद्याआड प्रॉम्प्टर बसतो, वाक्य हळूच पुढे सरकवितो आणि नट ते उच्चारतो. इस्तारीला अक्षरे येत नव्हती असे नाही. पण बत्तीस वर्षे त्याची भिस्त अक्षरांवर नव्हे, मुखरूवर होती. इस्तारी कोठे श्वास घेतो, कोणत्या शब्दाआधी थबकतो, हे मुखरू जाणत होता, आणि नेमका तेथेच पुढचा शब्द ठेवीत होता.

वडशातील त्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या. मे महिना होता, आणि आवाज होतो म्हणून पंखा बंद. इस्तारीचे गुडघे दुखत होते. हंगामातील जागरणे अजून अंगातून उतरली नव्हती. काचेपलीकडे मयुरी होती. हे कार्टून तिचे. झाडीबोलीतील पहिले करायचे म्हणून ती दोन वर्षे खपत होती.

"इस्तारीभाऊ, एकदा अजून. लेकरांचा अस्वलावर इस्वास बसला पायजे."

मुखरू कानाशी कुजबुजला आणि इस्तारी बोलला, "भिऊ नका, बाबू. माह्या मांगं मांगं या. पुढं मी हावो."

मयुरीने काचेआडून अंगठा वर केला. "असा आवाज मले कुठी भेटला नसता, भाऊ," ती म्हणाली.

तेवढ्यात रेल्वे आली. गाडी जाईपर्यंत काम थांबवावे लागे.

"तू नसता तं मी मुकाच होतो," घाम पुसत इस्तारी म्हणाला.

"मुका तं मी हावो. बत्तीस वर्षं कुजबुजून राह्यलो. बायकोले वाटते, मले मोठ्यानं बोलताच येत नाई."

"तिच्यासमोर कोणाले येते?"

दोघेही हसले. मुखरूचे हसणेही दबके होते.

दुपार कलताना मयुरीने काचेवर टकटक केले. "शेवटचं पान राह्यलं ना?"

मुखरूने हात वर केला. "त्याचा गळा बसला, बाई. आज आराम करू दे."

बाहेर पायरीवर इस्तारीने चपला चढविल्या. "त्या पानावर काय हाय?"

"तुहं मरण. नुसतं कण्हणं हाय. ते मशीनवर होते, बाई म्हणते. तू बस पकड, थकला तू. बाकीचं मी पाहून घेतो."

बसमध्ये इस्तारीला खिडकीला डोके टेकताच झोप लागली.

जुलैत शाळेच्या वर्गाच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला गेला. मयुरी मशीनपाशी होती, मुखरू मागे दाराशी. इस्तारी सतरंजीवर मुलांत बसला. दिव्यानी त्याच्या मांडीवर रेलली होती. अस्वलाने पहिले वाक्य उच्चारले आणि पोरे ओरडली, "दिव्यानीचे आबाजी!" ती गर्वाने ताठ झाली. पुढे प्रत्येक वेळी अस्वल "माह्या मांगं या" म्हणे, आणि पाडसांच्या आधी मुलेच "आलो!" म्हणत. कितीतरी वर्षांनी इस्तारीला आपले अंग हलके वाटले.

नदी आली. काठावरच्या झुडपांतून जाळे पडले आणि तिन्ही पाडसे अडकली. अस्वल बाहेरच होते. आता कण्हणे, असे इस्तारीच्या मनात आले.

अस्वल शांतपणे वळले.

"रडू नका रे, बाबू. शिकाऱ्यांले मीच बोलावलो. मी थकलो आता. थकल्या अस्वलाले कोण पोसते?"

कोपऱ्यातले एक पोर रडू लागले. दिव्यानी मांडीवरून उठली, हातभर दूर सरकून बसली आणि त्याच्याकडे पाहू लागली.

"आबाजी, हे तूच बोलला?"

नाही, असे इस्तारीला म्हणायचे होते. पण आवाज त्याचा होता. "बाबू"नंतरचा श्वास त्याचा, "थकलो"आधीचे थबकणे त्याचे. बत्तीस वर्षे कानावर पडेल ते तो उच्चारीत आला होता. त्या उकाड्यात हेही कानावर पडले असेल, आणि आपण अर्थाकडे लक्ष न देता उच्चारले असेल. आपल्याला आठवत नाही, एवढ्यावरून ते घडलेच नाही असे कसे म्हणावे?

"बोल ना, आबाजी."

पडद्यावर अस्वल अजून बोलतच होते. रंगमंचावर शब्द हरवला की जिकडे पाहायची सवय होती, तिकडेच त्याने पाहिले. दाराशी, ताडपत्रीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मुखरू उभा होता. आणि डोळे मिटून, आयुष्यात प्रथमच, अस्वलाच्या तोंडून भरल्या वर्गात घुमणारा स्वतःचा आवाज ऐकत होता.