चार सेकंद

दादा गेला, तरी नाटक थांबलं नाही. तसाही तो त्यात पडद्यावरच दिसायचा, आधी शूट केलेला. मी प्रोजेक्टर सांभाळायचो आणि रंगमंचावरून वहिनी त्याच्याशी बोलायची.

"येतेस ना माझ्याबरोबर?" तो विचारायचा. तिच्या उत्तरासाठी चार सेकंद मोकळे सोडले होते. "नाही," वहिनी म्हणायची. मग तो पाठ फिरवून निघून जायचा.

आज वहिनी 'नाही' म्हणालीच नाही.

चार सेकंद सरले. दादा गेला नाही. तिच्याकडे बघत उभा राहिला.

मी प्रोजेक्टरची वायरच उपटली. तरी तो उभाच.

"वहिनी, नाही म्हण!" मी ओरडलो.

"हो," ती म्हणाली.

पडद्यावर दादा जरासा सरकला. त्यानं शेजारी एका माणसापुरती जागा केली.