नामाच्या आधीचा शब्द

“कुठली लिफ्ट?” बाईंनी विचारलं.

“जी बिघडली होती ती,” नवरा म्हणाला.

“ते मला कळलं. साहेबाला कसं कळणार? तुम्ही नुसतंच ‘आय क्लोज्ड लिफ्ट’ म्हणालात. एखादी, ती ठरावीक, की इमारतीतल्या सगळ्या?”

नवऱ्याने हातातला पाना टेबलावर ठेवला आणि कपाळाला हात लावला. तो लिफ्टचा फिटर होता. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढताना त्याला कधी घाम फुटला नव्हता. ‘अ’ आणि ‘द’ यांनी मात्र त्याला पार रडकुंडीला आणलं होतं.

मागच्या मुलाखतीत तो इथेच आपटला होता. कुठली लिफ्ट बंद करायची आणि कुठली चालू ठेवायची, हे तोंडी सांगता आलं नाही तर माणूस जिवानिशी जातो, असं म्हणून परदेशातल्या कंपनीने त्याला नाकारलं होतं. पूर्वी तो तिकडच्याच एका शहरात काही वर्षं काम करून आला होता, पण तेव्हा टोळी आपल्याच माणसांची होती. हातवाऱ्यांवर भागत होतं. आता पुन्हा मुलाखत होती. पास झाला तर कंपनी थेट घेणार होती, आणि मुख्य म्हणजे बायकोलाही सोबत नेता येणार होतं.

बाई प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची आणि चेष्टेने नवराही. त्यांनी त्याला सोपं करून सांगितलं होतं. आपल्याकडे नाम अनवाणी हिंडतं, कुणी काही म्हणत नाही. इंग्रजीत त्याला पायात काहीतरी घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. अ, द, धिस, सम, एव्हरी, माय. काहीही चालेल, पण काहीतरी हवं.

हळूहळू सगळं जमलं. ‘एव्हरी बोल्ट’ जमलं, ‘बोथ केबल्स’ जमलं. फक्त एक गाडं अडलेलं होतं.

“वाइफ इज टीचर,” तो म्हणायचा.

“माय वाइफ. अ टीचर.”

“वाइफ इज अ टीचर.”

“अहो, कुणाची वाइफ?”

तो हसायचा आणि पाणी प्यायला उठायचा. बाईंना यात वावगं काही वाटलं नाही. आपल्यात ‘बायको माहेरी गेलीय’ म्हटलं की कुणाची, असं कोण विचारतं? चुकीमागचं कारण सापडलं की शिक्षकाला अर्धं समाधान मिळतं. बाईंनाही मिळालं.

खरं तर त्यांचा जीव टांगणीला लागला होता. लग्नानंतर निम्मा संसार त्यांनी फोनवर केला होता. मुलाचा विषय निघाला की तो म्हणायचा, आधी एका छपराखाली तर येऊ. त्या थांबल्या. चाळिशी जवळ आली तरी थांबल्या. मध्यंतरी त्यांनीच शोधाशोध करून तिकडच्याच दुसऱ्या शहरातली एक नोकरी काढली होती. पगार बरा, इंग्रजीची कटकट नाही. त्याने ऐकूनच घेतलं नाही. पूर्वीच्या शहरातले रस्ते पायाखालचे आहेत, तेच शहर बरं, म्हणाला. बाईंना ते पटलं. अनोळखी गावात बायकोला घेऊन जायचं तर निदान एकाला तरी वाटा माहीत हव्यात.

बाईंनी शाळेत राजीनामा दिला तेव्हा सासूबाई मात्र चिडल्या. इतकी घाई कशाला, नोकरी असू दे हाताशी, म्हणाल्या. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. सून दूर जाणार म्हणून सासूला वाईट वाटतंय, याचा त्यांना मनातून आनंदच झाला.

मुलाखत दुपारी होती, लॅपटॉपवर. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि अवघडून म्हणाला, “तू घरात असलीस की माझी जीभ जड होते. जरा बाहेर जाऊन येतेस का?”

बाई सासूबाईंना घेऊन निघाल्या. सासूबाईंना शेजारच्या घरी बसवलं, कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि तिथून परत फिरल्या. तोंडी परीक्षेला आपला विद्यार्थी आत असताना दाराबाहेर घुटमळायचं नाही, हे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. रेंज फक्त खिडकीपाशी यायची, म्हणून खिडकी उघडी होती. तिच्या बाजूला, गॅलरीतल्या भिंतीला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या.

साहेबाने लिफ्टचं विचारलं. नवऱ्याने कुठली बंद केली, कुठली चालू ठेवली, कुठल्या केबल्स तपासल्या, सगळं सांगितलं. ‘द’ जागच्या जागी होता. बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. एकदा तो ‘एनी’पाशी थबकला, त्यांनी श्वास रोखला, आणि त्याने आपलं आपणच सावरून घेतलं. इतका अभिमान त्यांना वर्गातल्या कुठल्याच मुलाचा वाटला नव्हता.

मग साहेब म्हणाला, काम पसंत आहे. पण आमच्याकडे इतर शहरांतही जागा आहेत. तुम्ही याच शहराचा हट्ट का धरलाय?

नवऱ्याने घसा खाकरला. आता अडखळणार, बाईंना वाटलं. त्यांनी डोळे मिटले.

“माय वाइफ,” तो म्हणाला. स्वच्छ, ठाम, न चाचरता.

बाईंचे डोळे भरून आले. आला. एकदाचा आला.

“माय वाइफ लिव्हज इन दॅट सिटी, सर,” आतून आवाज आला. “अँड अवर डॉटर स्टार्ट्स स्कूल धिस इयर.”