अपघाताचे कारण

साहेबांनी फॉर्म खिडकीच्या उजेडाकडे धरला. "अपंग पेन्शन," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अकरा वर्षं झाली की. इतके दिवस झोपली होतीस?"

"कळत नव्हतं, साहेब," ती म्हणाली. "एका खिडकीवर गेलं की दुसरीकडे धाडतात. आधी दाखल्यावर टक्के कमी पडले. डॉक्टर म्हणाले, डावा हात आहे ना शाबूत. मग पुन्हा तपासणी. आता फक्त कारखान्याकडून भरायचा भाग आहे."

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. उजवी बाही मनगटाच्या वर दुमडून पिनेनं बंद केली होती. कारखान्यात ती पंचिंग प्रेसवर होती आणि साहेब तिथले सुपरवायझर. आता ते निवृत्त झाले होते. कारखाना विकला गेला होता, मशिनं भंगारात गेली होती. घरी येऊन 'साहेब' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. तिला त्यांनी लगेच आत घेतलं, पंखा लावला, बायकोला पाणी आणायला सांगितलं.

पाच रकाने त्यांनी झरझर भरले. सहाव्यापाशी पेन थांबलं. अपघाताचे कारण.

"इथं काय लिहू? तुझं लक्ष नव्हतं?"

"कामगाराची चूक असली की अर्ज बाद होतो."

"बरं, मग मशिनचा दोष."

"मग मशिन बघायला माणूस येतो. मशिन आता दाखवणार कुठून?" ती थोडी हसली. "जाळी काढलेली होती, एवढं पुरे. फक्त कोणाच्या सांगण्यावरून काढली, ते लागतं. ते कोरं राहिलं तर फॉर्म परत येतो."

हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लोखंडी जाळी असायची. त्या दिवशी ती नव्हती. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हा कागद जातो कुठं?"

"फाइलीत. आणि तिथं गेलेली फाइल कोण उघडतंय, साहेब? माझी दोनदा हरवली. दोन्ही वेळा मीच शोधून दिली त्यांना."

साहेब मनापासून हसले. मग खुर्चीत मागे रेलले.

"त्या आठवड्यात दुप्पट माल काढायचा होता. जाळी असली की एकेका पत्र्याला वेळ जायचा. मी म्हटलं, काढून टाका ती. माल वेळेवर गेला बघ. दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती."

"नसतीच झाली," ती म्हणाली. उजव्या हाताची नसलेली मूठ आवळली गेली.

कामगार कोर्टात साहेबांनी शपथेवर वेगळंच सांगितलं होतं. दुरुस्तीसाठी काढलेली जाळी फिटर परत बसवायला विसरला, असं. फिटर म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याची नोकरी गेली. पुढे त्याला कुठल्याच कारखान्यानं दारात उभं केलं नाही. सख्ख्या बहिणीचा हात घालवणारा म्हणून गल्लीतली माणसं त्याला ओळखू लागली. 'मला साहेबांनी काढायला लावली,' एवढंच तो म्हणत राहिला. आई मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. तीही तीन वर्षं बोलली नव्हती. मग कारखान्याचा जुना स्टोअरकीपर अंथरुणाला खिळला. ती भेटायला गेली, तेव्हा तो म्हणाला, "तुझा भाऊ खरं बोलत होता गं. मी तिथंच उभा होतो." त्याचं म्हणणं लिहून घ्यायच्या आत तो गेला.

आता भावाशिवाय खरं माहीत असलेला माणूस एकच उरला होता, आणि तिला त्याचीच सही हवी होती.

साहेबांनी पेन उचललं. टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : प्रेसची जाळी माझ्या सांगण्यावरून काढली होती. खाली सही केली, तारीख घातली. पूर्वी गेटपासवर करायचे तशीच, शेवटी लांब शेपूट ओढलेली सही.

"साक्षीदार घरातला चालतो?"

"चालतो."

बायको पदराला हात पुसत आली. तिनं सही करण्याआधी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"तुम्ही तर म्हणाला होतात, फिटर विसरला."

"ते कोर्टात सांगायचं होतं. सही कर."

बायकोनं एकदा त्या दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग पेन घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर जोडून.

शाई वाळेपर्यंत ती बसून राहिली. मग तिनं फॉर्म डाव्या हातानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवला आणि फोल्डर पिशवीत ठेवलं. साहेब दारापर्यंत पोचवायला आले. आज त्यांना बरं वाटत होतं.

"अडलं तर पुन्हा ये," ते म्हणाले. "आणि पेन्शन मंजूर झाली की कळव. विसरू नकोस."

तिनं चपला पायात सरकवल्या. काही न बोलता निघता आलं असतं. पण तिला त्यांचा चेहरा बघायचा होता.

"पेन्शन मला नऊ वर्षांपूर्वीच मंजूर झाली, साहेब. हा कागद दादाच्या वकिलाला द्यायचाय."