खडखडणारं हृदय

पाटीलबाईंच्या छातीत बसवलेला हृदयपंप सकाळपासून खडी भरल्यासारखा खडखडत होता. तो बदलायचा म्हणजे छाती पुन्हा उघडणं आलं. शेवटी डॉक्टर शर्वरीने आपल्या वडिलांना बोलावून घेतलं.

अप्पांनी स्क्रूड्रायव्हर स्पिरिटने पुसला, टोक बाईंच्या छातीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

“पंपाला काही धाड भरलेली नाही गं. विहीर आटली की तो असाच ओरडतो. आधी पाणी वाढव.”

सलाईन चढत गेलं, तसतसा खडखडाट विरला.

“हे कुठले स्पेशालिस्ट?” भूलतज्ज्ञांनी हळूच विचारलं.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लाजून ‘इंजिनिअर’ लिहिणारी शर्वरी आज साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पंप फिटर आहेत. माझे वडील.”